पैलवानाची सोबत

माय, नातीनं परवा परभणीहून एक मासा आणला. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मासा, पिशवीचं तोंड रबरानं आवळलेलं. जांभळट निळा रंग आणि अंगापेक्षा शेपटी मोठी. मी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, हा तर पैलवान. घरातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. सून म्हणाली, आत्याबाई, याला फायटर म्हणतात. म्हणत असतील. नात म्हणाली, दुकानदार सांगत होता की याला एकट्यालाच ठेवायचं, पण एकट्याला करमत नसेल ना आजी, याच्यासोबत दुसरं काय ठेवता येतं? आणि माझ्या तोंडून उत्तर असं भडाभडा बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. लांब शेपटीचा ठेवू नको, भडक रंगाचा ठेवू नको, शेपट्या कुरतडणारे तर घरातच आणू नको. बारीक झिंगे सोडलेस तर त्याचं जेवण झालं समज. तळाशी राहणारा, मातकट, आपल्या कामाशी काम ठेवणारा बघ. आजी, तू हे कुठं वाचलंस, असं तिनं विचारलं. आता तिला काय सांगू? म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ती अडचण मी सध्या बाजूला ठेवली आहे.

तुला पाथरीतलं आपलं घर आठवतं का, त्याच्या मागच्या गल्लीत कोर्टाचे मुन्सफसाहेब राहायचे? निजामाचं राज्य होतं, पोलीस अ‍ॅक्शनच्या कितीतरी आधीची गोष्ट. मुन्सफसाहेबांची बेगम हैदराबादेची, पडद्यातली, गावात तिचं कुणी नव्हतं. तिला आपल्या घरचं ताक आवडायचं, म्हणून तू दुपारी चरवी घेऊन जायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून मागं. तिच्या खोलीत खिडकीशी काचेच्या बरण्या मांडलेल्या, एकेका बरणीत एकेक मासा, आणि बरण्यांच्या मधे पुठ्ठा उभा केलेला. पुठ्ठा कशाला, असं तू विचारलंस. ती हसली आणि तिनं पुठ्ठा काढून घेतला. दोन्ही मासे काचेला येऊन भिडले, गलफडं फुगवली, झालरी पसरल्या, आता काच फोडतात की काय असं वाटलं. तू चरवी हातात धरून तशीच उभी. ताक द्यायचं तुझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी तुला असं बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तू घरात नेहमी खाली मान घालून बघायचीस.

मग मुन्सफसाहेबांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी बेगमसाहेबांनी तुला बोलावून एक बरणी हातात दिली. म्हणाल्या, “सफर में मर जाएंगा ये. तुमीच रक्खो. मगर अकेलाच रखना, दूसरा डाले तो चीर देता.” तू बरणी पदराखाली घेऊन अशी चालत आलीस की बघणाऱ्याला वाटावं, लेकरूच घेऊन चाललीय.

आजीला, म्हणजे तुझ्या सासूला, हे बिलकुल रुचलं नाही. मासा खायचा असतो, पाळतं का कुणी, म्हणाली. दादा माझे वडील असले तरी आईपुढं तेही पोरच. ते नुसते म्हणाले, असू दे, वैरण तर मागत नाही. बरणी चुलीजवळच्या दिवळीत बसली आणि माशाचं नाव पैलवान पडलं. त्यानंतर तुझं जे काही चालू झालं, त्याला मी आज काय म्हणू? तेव्हा आजी त्याला थेरं म्हणायची. आपल्याकडं सकाळी उठलं की रांजणातलं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं. तू मात्र पैलवानासाठी शिळं राखून ठेवायला लागलीस, कारण विहिरीचं ताजं घातलं की तो तळाला जाऊन बसायचा आणि कालचं घातलं की हिंडायचा. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू एकदा ताजं घालायचीस, एकदा शिळं, आणि भाकरी थापता थापता बघत राहायचीस. तो सारखा वर येऊन तोंड उघडायचा. मला वाटायचं, तहान लागते. तू म्हणालीस, पाण्यात ऱ्हाऊन कुनाला तहान लागंल, त्यो वारा घ्यायला येतो. त्या दिवशी बरणीवरचं फडकं तू सैल केलंस. कुंकू लावताना एकदा हातातला आरसा त्याला दिसला आणि तो पिसाळला. मग तुझा खेळच झाला, आरसा पुढं धरायचा, मागं घ्यायचा आणि पदरात तोंड लपवून हसायचं. सोताच्याच तोंडावर येवढा राग, म्हणायचीस. थंडी पडली तेव्हा बरणीला वाकळ गुंडाळून तू चुलीच्या उबेला ठेवलीस, तर आजी म्हणाली, माझे गुडघे दुखतात ते राहिलं बाजूला, माशाला वाकळ.

पण एकटाच ठेव हे बेगमसाहेबांचं सांगणं तुला पटत नव्हतं. आपल्या घरात एकटं कुणी असायचंच नाही. बैल एकटा बांधला तर दावणीला शेळी तरी आणून बांधायची, पाहुणा एकटा जेवायला बसला तर कुणीतरी उगाच सोबतीला घास मोडत बसायचं. मग याच्या वाट्याला हा वनवास का? तू त्याच्यासाठी सोबत बघायला लागलीस, आणि बघताना सोयरीक जमवणारी आपली माणसं जे बघतात तेच बघितलंस. तोलाचा पाहिजे, रंगानं शोभणारा पाहिजे, शेपटी बरी पाहिजे. आठवडी बाजाराला गोदाकाठची भोईण मासळी घेऊन यायची. तिला तू सांगितलंस की असा जिता मासा आण. ती आधी हसली, खायचा नाही तर मग कशाला, म्हणाली, पण गाडग्यात घालून घेऊन आली, तांबूस परांचा, देखणा. तू हौसेनं तो बरणीत सोडलास. दुपारपर्यंत त्याच्या परांच्या चिंध्या झाल्या. तू हात घालून त्याला बाहेर काढलास, दुसऱ्या भांड्यात ठेवलास, पण तो जगला नाही. मी रडले. तू रडली नाहीस, तू आरसा आणलास. तो पैलवानापुढं धरलास, त्याला फुगलेला बघितलास आणि म्हणालीस, आपल्यासारखा दिसतो म्हनून मारतो गं ह्यो. आपनच चुकीचं स्थळ आनलं.

मग तू उलट्या बाजूनं निघालीस. परसात गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण रिकामी पडली होती. ती घासूनपुसून तू पैलवानाला तिच्यात हलवलंस, ओढ्यातली पाणवेल आणून घातलीस, चार दगड टाकलेस, वर काटक्यांची जाळी. बारीक झिंगे सोडले तर सकाळी एकही नाही. अंगावर काळे ठिपके असलेली चपळ मासळी सोडली तर तिनं पैलवानाचीच शेपटी कुरतडली. बिचारा पाणवेलीत तोंड खुपसून बसला होता. आजीला तर आनंदच झाला, भेटला म्हणाली शेरास सव्वाशेर. तू मात्र फडक्यानं ती मासळी धरून काढलीस आणि मला म्हणालीस, दुसऱ्याला मारतो म्हनून याला कुनी मारनार न्हाई, असं थोडंच हाय. गोगलगायी टिकल्या. त्यांच्या मिशा तो ओढायचा, त्या मिशा आत घ्यायच्या, विषय संपला. शेवटी भोईणीनं वाळूत तोंड खुपसून राहणारे मातकट मासे आणले. ते खाली, हा वर. तरी नवा कुणी पाण्यात पडला की पैलवान आधी अंगावर जायचाच. खाली जाऊन ढुशा मारायचा, दिवसदिवस त्याला हुसकायचा. तुला हे कोडं होतं. रंग नाही, शेपटी नाही, याच्या वाटेला जात नाही, मग याला काय टोचतं?

त्याच दिवसांत घरात दुसरी बोलणी सुरू झाली. तुझ्या पोटी मी एकटी. माझ्यानंतरची दोन राहिली नव्हती. आजीनं पालमकडची एक मुलगी बघून ठेवली होती, गरिबाघरची, सतरा-अठराची असेल. दादांचं दुसरं लग्न करायचं ठरत होतं. मला कळत नव्हतं असं मोठ्यांना वाटायचं, पण दहा-अकरा वर्षांच्या पोरीला काय कळत नाही? मला हे पक्कं कळत होतं की ती आली की तुझी चूल जाणार, तुझी जागा जाणार, आणि तू याच घरात पाहुण्यासारखी भिंतीशी बसून राहणार. आपल्या गल्लीतच तशी एक थोरली बायको होती, निवडण-टिपण करायची आणि कुणी हाक मारली तरच बोलायची. दादा वाईट नव्हते. ते तुझ्याकडं येऊन म्हणाले, तू नको म्हणालीस तर मी नाही करत. असं म्हणायला काय जातं गं माय? नको म्हणायचं ओझं तुझ्या डोक्यावर दिलं आणि स्वतः रानात निघून गेले. मला त्यांचा फार राग आला होता. थोडासा अजून आहे.

दुसऱ्या दिवशी तू डोण धुवायला काढलीस. पैलवानाला बरणीत घेतलंस, बाकीच्यांना घागरीत. डोण रिकामी करून घासली, दगड आणि वेल जसे हाताला येतील तसे परत टाकले, घागर आधी ओतली गेली आणि आजीनं हाक मारली म्हणून पैलवान बरणीतच राहिला. दुपार कलल्यावर तू त्याला सोडलंस. तो खाली गेला, वर आला, एका दगडाभोवती फिरला, वेलीत शिरला, पुन्हा बाहेर आला. पण कुणाच्या अंगावर गेला नाही. वाळूतले मासे आपले वाळूत. तू मला बोलावलंस, म्हणालीस, बघ बघ, कसा नव्या गावात आल्यागत करायलाय. पण एकदा झालं ते खरं असं तू कधी मानायची नाहीस. पुढच्या वेळी तू मुद्दाम पैलवानाला आधी सोडलंस आणि बाकीच्यांना मागून. झाली मारामारी. परत सगळं काढलं, दगड हलवले, त्याला मागून सोडलं. गप्प. तू डोणीच्या काठावर कोपर टेकून बसलीस ती बराच वेळ उठलीच नाहीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, काय न्हाई, त्याला वाटायलंय की हे त्यांचं घर हाय.

त्याच आठवड्यात तू दादांना हो म्हणालीस. आजीला सांगितलंस की लग्न करा, पण मी नसेन. आपल्यात तर रीत अशी की थोरलीनंच दारात उभं राहून धाकटीला ओवाळून घरात घ्यायचं, म्हणजे चार लोकांना दिसतं की हिच्या मर्जीनं झालं. आजी हादरली. लोक काय म्हणतील, रुसून गेली म्हणतील. तू म्हणालीस, म्हणू द्या, तिला घर लावून घेऊ द्या, मग मी येते. दादांना एवढंच बजावलंस की पैलवानाला खायला नवीन आलेलीच्या हातानं पडू दे. आणि मला घेऊन बैलगाडीनं माहेरी सोनपेठला निघालीस. वाटेत मी तुझ्यावर लय चिडले होते. मला वाटलं तू पळून चाललीस. लोकांनाही तेच वाटलं, आणि सोनपेठच्या आजीनं, तुझ्या सख्ख्या आईनं, तर दारातच तुला झापलं. “जागा सोडून आलीस येडे,” ती म्हणाली, “आता कोन परत दील ती?” तू पाय धुवत होतीस. तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, “जागा सोडून न्हाई आले बाई. मागून जायला आले.” त्या म्हातारीला यातलं काही कळलं नाही. मला कळलं. मी डोणीशी बसलेली होते ना. पण कळलं म्हणून भीती गेली असं नाही. मासा मासा असतो, आणि दादांना धाकटी आवडली असती आणि तुझी आठवणच आली नसती तर? रोज संध्याकाळी मी वेशीकडं बघत बसायची, गाडी येते का म्हणून. तू बघायची नाहीस. तू तिथं वहिनीच्या हाताखाली निमूट कामं करत होतीस, हे कुठं ठेवू, ते कुठं आहे, असं विचारत. आता वाटतं, तो सराव होता की काय?

गाडी आली, दादा स्वतः आले. आपण पाथरीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. तू पुढच्या दारानं गेली नाहीस, परसातून गेलीस, आधी डोणीत वाकून बघितलंस. पैलवान ठीक होता. मग सैपाकघरात. धाकटी चुलीपुढं बसलेली, तुला बघून ताडकन उठली आणि पदर सावरला. किती पोरसवदा होती गं ती. माझ्या मनात तिची जी मूर्ती होती त्यातलं काहीच तिच्यात नव्हतं. हातांना पीठ, डोळे भ्यालेले. आणि मी इकडं तिकडं बघितलं तर सैपाकघरात काडी हललेली नव्हती. उतरंड तिथंच, परात तिथंच, पाटा तिथंच. बिचारीनं भीतीपोटी कशाला हातच लावला नव्हता. तुझं सगळं तुझ्या जागी ठेवून ती तुझ्या घरात पाहुणी राहिली होती. तुझा सगळा बेत फसला होता, माय. मिठाचं गाडगं दिवळीत होतं, लग्न होऊन आल्यापासून तूच ठेवत आलीस तिथं, तुझ्या डोळ्यांपुढं, हाताच्या अंतरावर. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू दिवळीकडं बघितलंस, मग तिच्याकडं. आणि म्हणालीस, “मीठ कुठं ठिवलंस गं?”

धाकटीनं दिवळीकडं बघितलं. गाडगं तर समोर. तिला वाटलं असेल, बाईचे डोळे गेले, नाहीतर ही आपली परीक्षा बघायलीय. मग ती पुढं झाली, दिवळीतलं गाडगं उचललं, चुलीच्या पलीकडं उतरंडीशी नेऊन ठेवलं, आणि खाली बघत म्हणाली, “हितं ठिवलंय, आक्का.” तू बरं म्हणालीस, तिथं वाकलीस आणि चिमूटभर मीठ घेतलंस. आपल्या घरातलं मीठ त्या दिवसापासून उतरंडीशीच राहिलं. आजी मरेपर्यंत चुकून दिवळीत हात घालायची आणि कुरकुरायची.

तुम्ही दोघी भांडला नाहीत असं मी म्हणणार नाही. चांगल्या भांडायचात, दुधावरून, माझ्या शिकण्यावरून, तिच्या पोरांना तू लाडावतेस यावरून. दोघी एका वेळी दादांवर चिडलात की ते जेवण उरकून ओट्यावर जाऊन बसायचे. पैलवान म्हातारा झाला, थंडीत गेला, तर त्याला सीताफळाखाली पुरायला दोघी गेलात. पण भिंतीशी बसलेली थोरली मला आपल्या घरात कधी बघावी लागली नाही. मला विचारायचं आहे ते हे, की हे तू माशाकडून शिकलीस, की तुला आधीच ठाऊक होतं आणि डोणीत फक्त खात्री करून घेतलीस? आणि बेत फसलाय हे दिसल्यावर तो प्रश्न तुला तिथंच सुचला, की गाडीत बसल्यापासून तू त्याची तयारी करत होतीस? माझ्या लग्नाआधी एकदा मी विचारलं होतं. तू म्हणालीस, मासा मासा हाय, मानूस मानूस हाय, डोकं खाऊ नको. धाकटीलाही विचारलं, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी. गाडगं का हलवलंस म्हटलं. ती म्हणाली, आक्कानं विचारलं ना कुठं ठिवलंस, मग कुठंतरी ठिवावं लागलं. आता तीही नाही. ज्यांना विचारायचं ती माणसं संपली आणि माझं कुतूहल तेवढं राहिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, गादीखाली ठेवीन, पुढं सुनेच्या हाताला लागेल तर लागेल. तुला मात्र एक सांगायचं राहिलंय, तू असताना सांगायची माझी छाती झाली नाही. धाकटीची भाकरी तुझ्या भाकरीपेक्षा चांगली व्हायची. पातळ, पापुद्रा टम्म फुगलेला. मी दोन्ही वेळा तिच्याच हातची मागून घ्यायची आणि तुला सांगायची की तुझी अजून तव्यावरून उतरायची आहे म्हणून.